करडई गेली तेव्हा

करडई ऊन चढल्यावर काढता येत नाही. पान वाळलं की कडेचा काटा सुईसारखा होतो. म्हणून पहाटे, रान दहिवरानं भिजलेलं असतानाच, हातापायांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून बायका शेतात उतरायच्या आणि ऊन तापायच्या आत विळे खाली ठेवायच्या. फेब्रुवारी संपता संपता हे काम सुरू होई. मार्चमध्ये मार्केट यार्डात करडईचे कट्टे लागत आणि आमच्या गिरणीची घरघर दिवसरात्र चाले. आमची तेलाची गिरणी बार्शीजवळ होती. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन एक्सपेलर घेऊन ती सुरू केली होती. कॉलेजात असल्यापासून मी तिथली वही लिहायचे, लग्नानंतरही गावातच राहिल्यामुळे गिरणी बंद होईपर्यंत मीच लिहिली.

आजोबांचा बैलघाणा होता. लाकडी घाणा, त्यात फिरणारी लाट, डोळ्यांना ढापणं बांधलेला बैल. सोमवारी घाणा बंद, कारण बैल म्हणजे महादेवाचा नंदी. गावोगावच्या तेल्यांनी हा वार पाळलेला आहे. कोकणात बेने इस्राएली लोक तेलाच्याच धंद्यात होते आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत आणि बाकीच्यांना सोमवार तेली. आजोबांकडे शेतकरी आपलंच बी घेऊन यायचा. शेंगा, करडई, तीळ, कारळं, जवस, जे रानात पिकलं ते. तेल घरी न्यायचा, मजुरीत काही पैसे आणि काही पेंड ठेवून जायचा. उरलेली पेंड त्याच्याच गाईम्हशींना. आण्णांनी बैलाच्या जागी यंत्र आणलं, पण हा हिशेब मोडला नाही. गिरणीच्या ऑफिसात संताजी जगनाडे महाराजांचा फोटो होता आणि त्याच्याखाली तराजू. शंभर किलो करडईत पंचवीस-सव्वीस किलो तेल, बाकी बहुतेक पेंड. या पेंडीकडे मी पुढे येणार आहे, कारण अर्थशास्त्राच्या ज्या चर्चा मी वाचल्या त्यात तिचं नाव फार कमी वेळा येतं.

माझ्या लहानपणी तेल दुर्मीळ होतं. दिवाळीच्या तोंडावर रेशनच्या दुकानापुढे किटल्या आणि बरण्या घेऊन रांगा लागत, कारण पामोलिन येणार असे. खाद्यतेलाची आयात तेव्हा सरकारी महामंडळाच्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या, हातात होती. किती आणायचं, कुणाला द्यायचं, सगळं दिल्लीत ठरे. ऐंशीच्या दशकात परकी चलन खाणाऱ्या मोठ्या बाबींत खनिज तेलाबरोबर खाद्यतेलही होतं. 1986 मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. नवे वाण, आधारभूत भाव, खरेदीची सोय, आणि कुरियन यांच्या दुग्धविकास मंडळाचं 'धारा' तेल बाजारात भाव सावरायला. 1985-86 मध्ये देशात तेलबियांचं उत्पादन 108 लाख टन होतं, ते 1996-97 मध्ये 244 लाख टनांवर गेलं. नव्वदीच्या सुरुवातीला देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशातच निघत होतं. ती आमच्या गिरणीची चांगली वर्षं. महाराष्ट्रात तेव्हा पाच लाख हेक्टरांहून अधिक रानात करडई होती, देशातली निम्म्याहून जास्त. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, परभणी या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत हस्ताच्या पावसावर ती पेरायची, नंतर एकही पाणी नाही. मूळ खोल जातं आणि थंडीभर खालची ओल पीत राहतं. ज्वारीच्या कडेनं तिच्या दोन ओळी घातल्या तर काट्यामुळे गुरं पिकात शिरत नाहीत. कुंपणही तीच, कोवळ्या पानांची भाजीही तीच.

मग 1994 आलं. त्या आधीची दोन वर्षं खेड्यापाड्यांत एकच शब्द होता, डंकेल, म्हणजे जागतिक व्यापाराच्या नव्या कराराचा मसुदा. पारावर, एसटीत, गिरणीच्या ओट्यावर डंकेल. शेतकरी संघटनेचे लाल बिल्लेवाले आमच्याकडे बी घेऊन यायचे आणि आपले नेते शरद जोशी यांचं म्हणणं सांगायचे, की सरकारनं शेतकऱ्याच्या भावावरचा हात काढावा, बाजार मोकळा झाला तर शेतकऱ्याचं भलंच होईल. डाव्या पक्षांचे लोक उलट सांगायचे, की परदेशी माल येऊन आपली शेती बुडवेल. आण्णा दोघांनाही चहा द्यायचे. एप्रिल 1994 मध्ये माराकेशला करारावर सह्या झाल्या आणि त्याच महिन्यात सरकारनं पामोलिनची आयात खुली केली, 65 टक्के शुल्क लावून. मार्च 1995 मध्ये जवळपास सगळीच खाद्यतेलं खुली झाली आणि शुल्क 30 टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी 20. 1998 मध्ये 15.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमच्याकडे अजूनही लोक सगळं डंकेलच्या नावावर टाकतात. जागतिक व्यापार संघटनेत भारतानं पाम तेलावर 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावायचा हक्क राखून ठेवला होता. सोयाबीन तेलाची मर्यादा मात्र 45 टक्के होती. म्हणजे 15 टक्क्यांवर यायला कुणी भाग पाडलं नव्हतं. तो दिल्लीतला निर्णय होता, महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेला. आणि तो घेतला तेव्हा, जुलै 1997 पासूनच, आशियातली चलनं कोसळत होती. पाम तेलाचा जागतिक भाव 1998 मध्ये टनाला सरासरी 670 डॉलर होता, 2001 मध्ये तो 300 डॉलरच्या खाली गेला. भाव पडायच्या ऐन तोंडावर आपण भिंत उतरवून ठेवली होती. दोन वर्षांत बंदरांवर पूर आला. नव्वदीच्या सुरुवातीला वर्षाला एक-दोन लाख टन येणारं तेल दशकाच्या अखेरीस 40 लाख टनांच्या वर गेलं.

आमच्या घरात ते पहिल्यांदा दिसलं ते 1995 च्या डिसेंबरात. गावातल्या किराणा दुकानदारानं आण्णांना दाखवायला पामोलिनचा एक डबा आणला. सकाळची थंडी होती. झाकण उघडलं तर वरचं तेल पिवळं आणि खाली पांढरा गोळा बसलेला, तुपासारखा. आईनं डबा अंगणात उन्हात ठेवला, तासाभरात ते विरघळलं. करडईचं तेल थंडीत गोठत नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला ते तेल खराब वाटलं. आण्णांनी बोट बुडवून चव घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "वास नाही, चव नाही, कशातही मिसळेल." त्यांच्या चेहऱ्यावरची ती काळजी मला तेव्हा पुरती कळली नव्हती. मिसळेल म्हणजे काय, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं. आमच्या भागातल्या काही गिरण्या डबल फिल्टर शेंगदाणा तेल म्हणून जे विकू लागल्या, त्यात शेंगदाणा किती होता ते त्यांनाच माहीत. आण्णांनी ते केलं नाही. त्यांनी केलं असतं तर गिरणी आणखी काही वर्षं चालली असती, हे मी वहीवरून सांगू शकते.

ऑगस्ट 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्यानं साठहून अधिक माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी सुट्टं तेल विकण्यावर बंधन घालणारा, पॅकबंद तेलाचा आदेश निघाला. लोकांचा जीव वाचवायला तो हवाच होता. पण पिशवी भरायचं यंत्र, तपासणीची प्रयोगशाळा, छापील वेष्टन, हे दोन एक्सपेलरच्या गिरणीला परवडणारं नव्हतं. बंदराजवळ उभ्या राहिलेल्या मोठ्या रिफायनऱ्यांना ते सहज जमत होतं. शेंगदाणा आणि मोहरीचं घाण्यातलं तेल कागदोपत्री 2015 पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होतं. त्या राखीव कप्प्याच्या शेजारी कच्चं पाम तेल जहाजातून उतरत होतं आणि शुद्ध होऊन पिशवीत भरलं जात होतं, तेव्हा त्या राखीवतेला काय अर्थ उरला होता?

भाव कसा ठरतो, तेच बदललं. आधी आण्णा सकाळी बार्शीच्या आणि लातूरच्या आडत्यांशी बोलायचे. आवक किती, करडई कशी भरली आहे, हवा कशी आहे, त्यावर ते दर काढायचे. 1997-98 पासून संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन मुंबईच्या दलालाला फोन लावावा लागे आणि पहिला प्रश्न असे, "केएलसी किती?" क्वालालंपूरचा वायदे बाजार. ज्या शहराचा नकाशातला ठिकाणा आम्हाला शोधावा लागला असता, तिथल्या आकड्यावर बार्शी तालुक्यातल्या करडईचा दर ठरू लागला. मलेशियात पाऊस चांगला झाला, इंडोनेशियाचा रुपिया घसरला, की आमच्या यार्डात कट्ट्याचा भाव खाली येई.

पण माझ्या मते खरा घाव आयातीपेक्षा शुल्काच्या हेलकाव्यांनी घातला. आयातीचा लोट पाहून सरकारनं पुन्हा शुल्क वाढवायला सुरुवात केली. मार्च 2001 मध्ये कच्च्या पाम तेलावर ते 75 टक्के झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीआधी 65. एप्रिल 2008 मध्ये शून्य. मार्च 2018 मध्ये 44. ऑक्टोबर 2021 मध्ये पुन्हा मूळ शुल्क शून्य, सप्टेंबर 2024 मध्ये 20, मे 2025 मध्ये 10. ही यादी मी वेगवेगळ्या कात्रणांतून जमवली आहे, आणि ती पाहताना मला प्रत्येक वेळी पेरणी-काढणीच आठवते. करडई आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतो आणि मार्चमध्ये विकतो. 2016 पर्यंत अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर येई, म्हणजे ते आणि काढणी एकाच पंधरवड्यात. शेतकरी एका शुल्कावर विसंबून बी टाकतो आणि दुसऱ्याच शुल्कावर कट्टा उतरवतो. गिरणीवाल्याचंही तेच. मार्चमध्ये वर्षाचा माल भरून ठेवायचा, त्यासाठी बँकेकडून उचल घ्यायची, आणि जुलैत एका अधिसूचनेनं गोदामातल्या मालाचा भाव पडायचा. कमी शुल्कात माणूस काटकसरीनं धंदा करील, जास्त शुल्कात सुखानं करील. पण कधी काय होईल ते कळत नाही तेव्हा तो धंदाच सोडतो. आमच्या गावात तेच झालं. जोशींनी सरकारचा हात काढायला सांगितलं होतं. दार उघडलं, पण कडी सरकारच्याच हातात राहिली, आणि ती नेहमी शहरातल्या तेलाच्या भावाकडे पाहून वरखाली होत राहिली.

याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. आमच्याकडे बी चाळायला आणि निवडायला ज्या मावशी यायच्या, त्यातली एक रोज संध्याकाळी जाताना औषधाच्या बाटलीत दोन रुपयांचं तेल घेऊन जायची. तेवढ्यात सहा माणसांची भाजी. तेल स्वस्त झाल्यावर तिनं पहिल्यांदा अर्ध्या लिटरची पिशवी घेतली आणि नागपंचमीला घरात पुऱ्या तळल्या, हे तिनं मला येऊन सांगितलं होतं, आनंदानं. 1990 च्या सुमारास देशात माणशी वर्षाला साधारण सहा किलो तेल खाल्लं जाई, आता ते एकोणीस किलोच्या आसपास आहे. त्या सहा किलोच्या सरासरीत तिच्यासारख्यांच्या वाट्याला किती येत असेल? स्वस्त तेल हा तिचा हक्क होता, आणि तो आमच्या गिरणीच्या नफ्यातून तिला मिळाला नसता, हे मी मान्य करते. फक्त तिची मजुरीही त्याच गिरणीतून यायची. गिरणी बंद झाल्यावर ती द्राक्षाच्या बागेत कामाला जाऊ लागली, रोज टेम्पोत उभं राहून.

करडई गेली त्याचा सगळा दोष आयातीवर टाकणंही बरोबर नाही. मावा पडला की अर्धं पीक जातं. काट्यामुळे मजूर मिळेनासे झाले. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढले, परभणीच्या विद्यापीठानं चांगलं तेल देणारे वाण दिले, पण तोवर हरभऱ्याला भाव होता आणि खरिपात सोयाबीन आलं होतं. सोयाबीननं लातूरचं नशीब बदललं, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के. ते घाण्यात किंवा छोट्या एक्सपेलरमध्ये परवडत नाही, त्याला सॉल्व्हंटचा मोठा कारखाना लागतो. म्हणजे देशात तेलबिया वाढल्या असं आकडे सांगतात तेव्हाही त्या बिया आमच्या गिरणीत येऊ शकत नव्हत्या. शेतकरी बी विकून पिशवीतलं तेल विकत घेऊ लागला. महाराष्ट्रात आज 45 लाख हेक्टरांच्या पुढे सोयाबीन आहे आणि करडई एक लाख हेक्टरांच्याही बरीच खाली. सोयाबीनवाल्याचीही तीच गत झाली. 2021 मध्ये दर क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला, तेव्हा ऑगस्टमध्ये सरकारनं 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. 2024 मध्ये 4,892 रुपये आधारभूत किंमत जाहीर झाली आणि बाजारात तेवढा भावही मिळेना.

आता पेंडीचं. जहाजातून तेल येतं तेव्हा पेंड येत नाही. तेल स्वस्त मिळालं असा हिशेब मांडणारे हे विसरतात. इथं शंभर किलो करडई गाळली की सत्तर किलोच्या वर पेंड गावात राहायची. काही गोठ्यात जाई, काळी सालीसकटची पेंड लोक हळदीच्या किंवा भाजीच्या वाफ्यात खत म्हणून घालत. आमची गिरणी बंद झाल्यावर सगळ्यात आधी कुणी तक्रार केली असेल तर ती दूधवाल्यांनी. त्यांना सरकीची पेंड बाहेरून आणावी लागली, ट्रकभाड्यासकट. पूर्वी बार्शी लाईट रेल्वेच्या लहान गाडीतून आमचे तेलाचे डबे कुर्डुवाडीकडे जायचे आणि पेंड इथेच राहायची. आता पेंडच बाहेरून येऊ लागली. भारत 2022-23 या तेलवर्षात 160 लाख टनांहून अधिक खाद्यतेल आयात करून बसला, त्याची किंमत एक लाख कोटी रुपयांच्या वर. त्या प्रत्येक टनामागे जी पेंड या देशातल्या गोठ्यांत पडली नाही, तिचा रकाना आयातीच्या तक्त्यात नाही.

आमची गिरणी 2003 मध्ये थांबली. सलग दोन वर्षं दुष्काळ होता, तेही कारण आहेच. 2002-03 मध्ये देशातलं तेलबियांचं उत्पादन 148 लाख टनांवर आलं होतं. एक एक्सपेलर भंगारात गेला, दुसरा विकत घ्यायला कुणी आलं नाही म्हणून शेडमध्ये राहिला. आण्णांनी नंतर सहा वर्षं दुकानात पिशवीतलं तेल विकलं. पिशवीवर सूर्यफुलाचं चित्र असे, पण घरी त्यांच्या भाकरीवर मात्र ते घालू देत नसत. उरलेले दोन डबे करडईचं तेल त्यांनी ठेवून दिलं होतं, ते हळूहळू वापरत आईनं दीड वर्ष पुरवलं. कारळ्याच्या चटणीवर कच्चं तेल ओतायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारनं पुन्हा तेलबियांचं राष्ट्रीय मिशन जाहीर केलं, 10,103 कोटींचं. त्या रब्बीत माझ्या धाकट्या भावानं ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी घातल्या. मिशनमुळे नव्हे, रानडुकरं शिरतात म्हणून. मार्चमध्ये पहाटे आम्ही दोघांनीच ती काढली. पन्नास किलो बी निघालं. आमच्या गावात आता घाणा नाही, म्हणून ते लातूरला एका लाकडी घाण्यावर नेलं. तिथला तरुण मुलगा चांगला होता. शेंगदाणा आणि तीळच गाळतो, करडई पहिल्यांदाच घेतो आहे म्हणाला. मी त्याला सांगितलं, घाणा फार तापू देऊ नकोस, नाहीतर तेल काळपट येईल. बारा किलोच्या जवळ तेल निघालं. मजुरीत पेंड ठेवून घेऊ का, असं त्यानं विचारलं, तर भाऊ एकदम म्हणाला, "नको, पैसे घे. पेंड आम्हाला पाहिजे."

पोतं टेम्पोत घालून आम्ही परत आलो. गाईनं पहिल्या दिवशी नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवसापासून टोपलं वाजलं की मान वळवू लागली. भाऊ म्हणतो, पुढच्या सालाला चार ओळी जास्त घालू. बी घरचंच ठेवायचं की परभणीहून नवं आणायचं, ते अजून ठरलेलं नाही.